चाल जुनी, पण शब्द?

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकगीतांवरचा लेख वाचला, लिहिलाय झकास, पण सगळीच गाणी 'शेकडो वर्षांपूर्वीची' म्हणून टाकलीयत ते काही पटलं नाही. चाल जुनी असते, शब्द बऱ्याचदा खूप नंतरचे.

'स्काय बोट साँग'चंच घ्या, लेखात ते थेट ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सच्या काळातलं म्हणून दिलंय. स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ला झाली, तासाभरात चार्ल्सचं सगळं आटोपलं, मग जूनमध्ये फ्लोरा मॅकडोनल्डने चार्ल्सला मोलकरणीच्या वेषात बोटीतून स्काय बेटावर नेलं, इथपर्यंत सगळं खरंय. पण आज गातात ते शब्द हॅरोल्ड बोल्टन या इंग्रजाचे, छापले गेले १८८४ मध्ये! चाल गेलिक भाषेतल्या वल्हवताना म्हणायच्या गाण्याची, ती त्याला आयती मिळाली. आणि तोवर स्टुअर्ट घराण्याची धास्ती कुणालाच उरली नव्हती, त्यामुळे हरलेल्या राजपुत्रासाठी लंडनमध्येसुद्धा बिनधास्त गळा काढता येत होता.

'डॅनी बॉय'चंही तेच. चाल उत्तर आयर्लंडमधल्या लिमावडी गावच्या जेन रॉस बाईंनी टिपून घेतली, १८५५ मध्ये जॉर्ज पेट्रीच्या आयरिश चालींच्या संग्रहात छापली गेली, पण ती वाजवणाऱ्याचं नाव तिथे नाहीच. शब्द या चालीवर छापले गेले १९१३ मध्ये, लिहिणारा फ्रेडरिक वेदरली, हाही इंग्रज आणि पेशाने वकील.

मला खटकलं ते हे की ज्यांनी चाली वाचवल्या त्यांच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्प या तंतुवाद्याच्या वादकांचा मेळा भरला, चाली उतरवून घ्यायला एडवर्ड बंटिंग हा १९ वर्षांचा पोरगा बसवला होता. वादक बरेचसे म्हातारे, कित्येक आंधळे. त्यातला डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेला, पितळी तारा जुन्या पद्धतीने वाढवलेल्या नखांनी छेडायचा, तसं वाजवणारा तिथे दुसरा कुणी उरला नव्हता. बंटिंगने पुढे आयुष्यभर हेच काम केलं, पहिला संग्रह १७९६ चा. (चाली पियानोसाठी बसवताना त्याने त्या बऱ्याच गुळगुळीत केल्या, हा राग अभ्यासकांचा अजून आहे, आणि तो बरोबरच आहे.)

आणि फ्रान्सिस ओनील कसा काय सुटला? कॉर्क काउंटीतला माणूस, अमेरिकेत जाऊन शिकागोचा पोलीस प्रमुख झाला आणि १९०३ मध्ये तब्बल १८५० आयरिश चालींचं पुस्तक काढलं, देश सोडून आलेल्या लोकांकडून ऐकून ऐकून. आयर्लंडमधले वादकसुद्धा पुढे त्याच्याच पुस्तकांतून चाली शिकले. पुढच्या रविवारी याच्यावर लिहा की.

– एक नियमित वाचक