दीपमाळेखालच्या रबर शीटबाबत

मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य यांस,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कराड

विषय: गणपती मंदिरासमोरची नियोजित दगडी दीपमाळ

सप्रेम नमस्कार.

दीपमाळ व्हावी असं मलाही वाटतं, वर्गणीही भरली आहे. हरकत आहे ती कोटेशनमधल्या 'तळाशी रबर शीट, बेस आयसोलेशनसह भूकंपरोधक' या ओळीला. (बेस आयसोलेशन म्हणजे जमिनीचा हादरा वर पोहोचू नये म्हणून बांधकाम तळाशी जमिनीपासून वेगळं ठेवणं.) नुसत्या शीटने दीपमाळ भूकंपरोधक होत नाही. उलट डुलायला मोकळी होते.

उंची दहा फूट, बुडाची रुंदी दोन फूट, दगडावर दगड, आत सळई नाही. न जखडलेली वस्तू कधी डुलू लागते याचा ढोबळ हिशेब म्हणजे रुंदी भागिले उंची. इथे उत्तर एक-पंचमांश येतं. जमीन गुरुत्वाकर्षणाच्या एक-पंचमांश त्वरणाने, म्हणजे वेग वाढण्याच्या तेवढ्या दराने, आडवी हलली की बूड उचलायला लागतं. (वर निमुळती असल्याने आकडा थोडा सुधारेल, हे मान्य.) ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयना धरणातल्या यंत्राने याच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदवलं होतं. कराडला तेवढा हादरा बसेलच असं नाही, पण कोयनेचे धक्के आपल्याला नवे नाहीत.

बूड उचललं की वस्तू लगेच पडते, असंही नाही. १९६० च्या चिलीतल्या भूकंपात खांबावरच्या उंच टाक्या तगल्या आणि जास्त भक्कम दिसणाऱ्या बांधकामांचं मोठं नुकसान झालं. प्रमाण तेच असेल तर मोठी वस्तू उलथायला जास्त अवघड, हे भूकंप-अभियंता हाउझनर यांनी १९६३ मध्ये गणिताने मांडलं. आपली दीपमाळ लहान, त्यात तुकड्यांची.

खरं बेस आयसोलेशन भुजच्या जिल्हा रुग्णालयात आहे. २००१ च्या भूकंपानंतर ते नव्याने बांधलं, तेव्हा इमारत रबर आणि पोलादाच्या थरांच्या, मध्ये शिसं असलेल्या बेअरिंगांवर बसवली. ती आडवी सरकते, म्हणून भोवती मोकळी जागा लागते. अशा बेअरिंगला वर भरपूर वजन हवं. दोन-अडीच टनांच्या दीपमाळेला ते लागू पडत नाही. जपानमध्ये कामाकुराच्या बुद्धमूर्तीखाली स्टेनलेस स्टीलचा पत्रा आहे, तिने डुलण्याऐवजी घसरावं म्हणून. पण ती मूर्ती बसकी आहे.

तेव्हा शीटचा खर्च वगळावा. सगळे दगड स्टेनलेस स्टीलच्या सळईने ओवून काँक्रीटच्या पायात पक्के करावेत. ते महाग पडत असेल तर उंची सहा फुटांवर आणून बूड रुंद करावं. पोरं तिथेच क्रिकेट खेळतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा हिशेब हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये, आणि हा विषय येत्या सभेत घ्यावा.

कळावे,
बी विंगमधील एक सभासद