आई, इथला गाभारा रिकामा आहे

हंपी,
कार्तिक शुद्ध द्वादशी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल एकादशी. गुडघ्यांमुळे यंदा तुझी कार्तिकी चुकली आई, म्हणून मीच इथल्या विठ्ठल मंदिरात गेले. दगडी रथापाशी ही गर्दी! गाभाऱ्याकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. आत मूर्ती नाही, समई नाही, बुक्क्याचा वास नाही. दाराशी उभी राहिले आणि तू सांगायचीस ती भानुदासांची गोष्ट आठवली. कृष्णदेवरायाने पांडुरंगाला विजयनगरला आणलं आणि नाथांच्या पणजोबांनी त्याला परत पंढरीला नेलं, ती. अभ्यासकांचं तिच्याबद्दल एकमत नाही. पण मला तिथे भकास वाटलंच नाही. विठोबा आपल्या घरी गेलाय, एवढंच मनात आलं. हात आपोआप जोडले गेले.

बाकी शहर बघताना मात्र पोटात तुटतं. हरिहर आणि बुक्क या भावांनी 1336 मध्ये वसवलेली ही विजयनगरच्या राज्याची राजधानी. एका अंगाला तुंगभद्रा, चहूकडे धोंड्यांचे डोंगर; अर्धा कोट निसर्गानेच बांधून दिलेला. 1520 च्या सुमारास आलेल्या पायश नावाच्या पोर्तुगीजाला ती रोमएवढी मोठी वाटली होती. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा कारभार पाहणारा रामराय मारला गेला, त्याचा भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला आणि शहर लुटारूंच्या हाती पडलं. जिंकणाऱ्या दख्खनच्या सुलतानांत आपल्या नगरचा निजामशाहही होता. हे शाळेत दोन ओळींत शिकले होते. विठ्ठलासमोरच्या किलोमीटरभर लांब बाजारात नुसते खांब उभे आहेत, ते बघितल्यावर त्या दोन ओळी कळल्या.

बाबा, तुम्हाला दाखवायचाय तो इथला कालवा. त्या राजांच्या काळातला, नदीला बांध घालून काढलेला. पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उतारावर पाणी चालतं आणि आजही केळीच्या बागा भिजवतं. पाटाच्या पाळीसाठी रात्र-रात्र जागलेल्या माणसाला त्याचं मोल मी काय सांगणार!

माघात तुम्हाला घेऊन येते. विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आहेत, आईला फार चालावं लागणार नाही. विरूपाक्षाच्या देवळात अजून रोज पूजा होते, तिथे आधी जाऊ. आणि आई, तुझे टाळ बरोबर घे.

तुमची,
सुमन