मोठ्या बाबांचं डॉक्टरांना सांग

चि. पूर्वास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, तेव्हापासून तुझ्या आईच्या घशाखाली घास नीट उतरत नाही. "डोक्याच्या गोळ्या" असं ती भीतीपोटी बोलून गेली, मनावर घेऊ नकोस. लक्ष टिकत नाही त्यावरची, म्हणजे एडीएचडीची, ही मिथाइलफेनिडेटची गोळी चालू ठेवायची की नाही, ते तू अन् तुझ्या डॉक्टर मिळून ठरवा. मला एवढंच विचारायचं आहे, मोठ्या बाबांचं, माझ्या थोरल्या भावाचं, त्यांना सांगितलंस का?

ते ऊन लागून गेले असंच घरात सगळे म्हणतात. पण हृदय बंद पडलं, हे दवाखान्यात मला सांगितलं होतं. 41 वर्षांचे होते. वावरातून आले, चरवीनं पाणी प्यायले, ओसरीवर बसले ते बसलेच. मिथाइलफेनिडेटनं नाडी अन् बीपी थोडं वाढतं. घरात कोणी कमी वयात असं गेलं असेल तर डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. मग ते ईसीजी काढून बघतात.

दारव्ह्याच्या मेडिकलवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, काका, ही शेड्यूल एक्सची गोळी, चिठ्ठी दोन प्रतींत लागते अन् एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. इतका हिशेब ठेवतात हे ऐकून जरा बरं वाटलं. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून कुठल्याही औषधाचं प्रमाण मी दोनदा वाचतो. तूही वाच. डॉक्टर कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, आपल्या मनानं वाढवायचं नाही. या गोळीनं भूक मरते, म्हणून सकाळी आधी पोटभर खा, मग घे. उशिरा घेतलीस तर झोप उडेल. परीक्षेपुरती म्हणून मैत्रिणीनं मागितली तरी देऊ नकोस, आणि मेसचा डबा... हा पुन्हा उपदेश झाला. राग मानू नकोस.

फायदा मला दिसतो, पोरी. पहिल्यांदाच एक धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला म्हणालीस, तेव्हा तुझा आवाजच वेगळा होता. स्कॉलरशिपच्या पेपराचं मागचं पान तुझं उलटायचंच राहिलं होतं. पोरगी हुशार आहे पण खिडकीबाहेर बघते, असं गुरुजी म्हणायचे. दंगा करणाऱ्या पोराला कोणीतरी दवाखान्यात नेतं, गप्प बसणाऱ्या पोरीकडे कोणाचं लक्ष जातं? अन् त्याच वर्षी फवारणीचा पंप बिघडला, तर तू पोत्यावर वॉशर, स्प्रिंग, नळी ओळीनं मांडून दिवेलागणीपर्यंत उठली नाहीस. पंप सुरू करूनच उठलीस! सालदाराला मी ते अजून सांगतो.

कापसाचा चुकारा आला आहे, ईसीजीचे पैसे तुझ्या खात्यात टाकले. छातीत धडधडलं, दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना गाठ, सुट्टीची वाट बघू नकोस. मोठ्या बाबांबद्दल त्यांना काही विचारायचं असेल तर माझा नंबर दे. वावरात असलो तरी उचलीन.

तुझे बाबा