व्हाळातला वारा

सत्तरी, गोवा,
९ मार्च

प्रिय उल्हास,

सप्रेम नमस्कार. चवथीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. मधे दोनदा फोन आला तोही तुझाच, आणि दोन्ही वेळा मी बागेत होतो. रागावला असशील. रागाव, पण पत्र पुरतं वाच, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही. सुमनला सांगायला गेलो तर ती म्हणाली, दिवा मालवा आणि झोपा. तब्येती ठीक. माझा गुडघा दुखतो, आईला कमी ऐकू येतं, बाकी सगळे बरे.

गेल्या सोमवारी संध्याकाळी पोफळींना पाणी सोडून वर येत होतो. वाड्यावरचा एक पोरगा बांधावर बसला होता. नाव लिहीत नाही. त्याच्या बापाला तू चांगला ओळखतोस. इकडचं तिकडचं बोलला, यंदा काजूचे बोंडू कमी, त्यामुळे उर्राक दारू महाग. मग उठता उठता विचारलं, "काका, तुमच्या व्हाळात पहाटे वारा वर जातो की खाली?"

माझ्या हातातलं खोरं हातातच राहिलं. बागायतदार माणूस असलं काही विचारत नाही रे. तो पाण्याचं विचारतो, माकडांचं विचारतो, सुपारीच्या दराचं विचारतो. पहाटे व्हाळातला, म्हणजे ओढ्याच्या घळीतला, वारा कुठे जातो हे एकाच प्रकारच्या माणसाला हवं असतं, आणि ते मला कळलं कारण शिकारीला नेणाऱ्या बाबुलमामाने आपल्याला तसं घडवलं होतं.

मी म्हटलं, "वर जातो." चक्क खोटं बोललो.

आता मागचं सांगतो. दोन महिने झाले, एक सांबरीण पाडसाला घेऊन आमच्या कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या, पाठीमागे येते. वरचे झरे आटले, आमच्या पाटाची ओल व्हाळात उतरते, तिथे हिरवा पाला आहे. उजाडायच्या आधी येते, फटफटलं की वर रानात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पोफळीला धरून उभाच राहिलो. पाडस तिच्या पोटाखाली घुसलं होतं, आणि तिचे कान, उल्हास, ते कान एक माझ्याकडे आणि एक मागे रानाकडे, दोन्ही वेगवेगळे फिरत होते. ओले नाक, त्यावर पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तेवढं दिसलं एवढ्या जवळ होती ती.

आणि तीच माझी काळजी. एवढ्या जवळ ती असायला नको होती.

आपल्या वेळचं सांबर आठव. सुकं पान मोडलं तरी कान टवकारायचं. मामा शिकवायचा, तीन पावलं टाक आणि थांब, कारण रानात माणसाशिवाय कोणी सारख्या ठेक्यात चालत नाही. रानकोंबडी पाला उकरते, थांबते, परत उकरते. त्या खसखशीला सांबर मान वर करत नाही. माणसाचं टप-टप-टप मात्र त्याला लांबून कळतं. आमच्या या बाईला पंप सुरू झाला तरी काही नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, नाही. आईचा रेडिओ, तोही मोठ्ठ्या आवाजात, नाही. रोज जो आवाज होतो आणि ज्याच्यामागून काही वाईट येत नाही, त्याची भीती मोडते. माझ्या वासाचंही तसंच झालं. पहिल्या आठवड्यात माझा वास लागला की पाय आपटायची. आता नाक वर करते, हुंगते आणि परत पाल्याला लागते. मी तिला ओळखीचा झालोय. पण तिच्या नाकाला मी आणि तो पोरगा यात फरक काय कळणार?

म्हणून मी घामाचा शर्ट तिच्या वाटेवर टांगला. हसू नकोस. पहिल्या पहाटे ती शर्टापाशी थबकली, पुढचा खूर दाणकन आपटला आणि पाडसाला घेऊन माघारी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी शर्टाखालून निघून आली. दोन उन्हं खाल्ली की घामाचा शर्ट नुसता कापड होतो. सुमन विचारते, रोज एक शर्ट रानात कोणाला देता?

तू असतास तर म्हणाला असतास, माझा बनियन टांग, सत्तरी सोडून कर्नाटकात जाईल. दहावीत तुझ्या शेजारी बसलेला मी, मला ते पटलं असतं.

दहावीवरून लिहितो, कारण खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे. १९८३ चा डिसेंबर. वाघेरी डोंगराच्या पायथ्याचा तो व्हाळ, वर आवळ्याखाली सांबर, खाली आपण तिघं. मामाने दोन दिवस आधी साबण बंद केला होता, डोक्याला खोबरेल नाही, विडी नाही. तुझी आई वर्गशिक्षकांना सांगून आली होती की पोराला कसली तरी उदासी लागलीय, आंघोळच करत नाही. मामाच्या हातात ती शेती राखायच्या परवान्याची एकनळी बंदूक, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची. वारा बघायला फडक्यात चाळलेल्या राखेची पुरचुंडी. टिचकी मारली की राख आपल्याकडे, खाली यायची. म्हणजे आपला वास खाली, सांबर वर. सगळं बरोबर होतं.

आणि मग सांबराने मान वर केली. कान खोलगट पानांसारखे उभे राहिले, खूर आपटला, ढांक! आख्ख्या दरीत आवाज घुमला आणि आवळ्याखाली काही नव्हतं. मामाने वळून विचारलं, "कोणी आवाज केला?" मी तुझ्या खिशाकडे बोट दाखवलं. काड्यापेटी होती त्यात. तुला बसलेली मामाची ती थप्पड अजून माझ्या कानात आहे. तू एवढंच म्हणालास, "मामा, वारा फिरला, मला मानेवर लागला." कोणी ऐकलं नाही. शिगमा येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस आणि त्यानंतर चाळीस वर्षं आपण त्या काड्यापेटीवरून भांडलो. तुझ्या लग्नातही.

परवा गुरुवारी पहाटे साडेपाचला मी आमच्या व्हाळात राख घेऊन बसलो. त्या पोराला खोटं सांगितलं ते नेमकं किती खोटं, हे मला पाहायचं होतं. टिचकी मारली. राख माझ्या गुडघ्यावरून खाली पाण्याकडे ओघळली, अगदी पाणीच वाहावं तशी. रात्रीची गार हवा जड, ती उतारावरून खालीच येणार. सहा, साडेसहा, तेच. मग माथ्यावर ऊन आलं आणि उतरत उतरत खाली यायला लागलं. सातच्या सुमारास टिचकी मारली तर राख जागच्या जागी लटकली. खाली नाही, वर नाही. आणि नंतर हळूच माझ्या तोंडावरून वर निघाली. उतार तापला, हवा हलकी झाली, चढायला लागली. पान हललं नाही, झुळूक अशी जाणवली नाही, पण राख वर जात होती.

मी तिथेच बसून राहिलो, उल्हास. त्या दिवशी आवळ्यावर ऊन नुकतं आलं होतं. मला ते ऊन आठवतं, कारण सांबराच्या पाठीवरचे केस त्यात तांबूस दिसले होते. आणि आणखी एक. काड्यापेटी खुळखुळली असती तर ते आधी आपल्याकडे बघत उभं राहिलं असतं. आवाजाने त्याला शंका येते, ते थांबतं, खात्री करतं. वास लागला की खात्री करायला काही उरत नाही. ते थांबलं नाही. तुझं बरोबर होतं. थप्पड माझी होती. माफ कर.

आता त्या पोराचं सांगतो. मी वारा वर जातो म्हटलंय, म्हणजे तो पहाटे व्हाळाच्या वर जाऊन बसेल, त्याचा वास खाली सांबरिणीवर पडेल आणि ती पळेल. पण किती दिवस? दोन पहाटा फुकट गेल्या की त्यालाही कळेल. आणि सातनंतर माझं खोटं आपोआप खरं होतं! वनखात्याला कळवावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. त्याने अजून काही केलेलं नाही, नुसता प्रश्न विचारलाय. उद्या जीप त्याच्या दारात उभी राहिली तर त्याचा बाप माझ्याकडे कसा बघेल? आणि आपण काय केलं होतं? १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हाही होताच. गुन्हाच तो, फक्त वाड्यावर त्याला कोणी गुन्हा म्हणत नव्हतं. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झालं आणि मग सगळ्यांना कायदा आठवला. पण न कळवता ती मेली तर? किंवा त्याला बंदूक जमली नाही आणि त्याने तारेची फासकी लावली तर? फासकीला वारा लागत नाही, वास लागत नाही. तिथे तिचं नाक काही कामाचं नाही.

२०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ विषाने मेले तेव्हा तू रात्री अकराला फोन करून रडला होतास. तेव्हा तूच म्हणाला होतास, रानात सांबर राहिलं तर वाघ गोठ्याकडे कशाला येईल? ते माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री एक विचार येतो. त्याला खरंच सांगावं. घेऊन बसावं पहाटे राख देऊन, बंदुकीशिवाय, खालच्या अंगाला. मामाकडून मला जे मिळालं त्यातली बंदूक सोडली तर बाकी सगळं मला आजही हवंसं आहे. तीन पावलं आणि थांबणं, मानेवरचा वारा, तो एक थेंब. तसं त्याला मिळालं तर? की मीच हाताने वाट दाखवल्यासारखं होईल? इथे माझं डोकं चालत नाही. तुझं चालायचं.

तुझं घर झालं का रंगवून? मेधाची परीक्षा या महिन्यात ना, तिला आशीर्वाद सांग. वहिनींना म्हणावं, कोकमं वाळवून ठेवतो मे महिन्यात, येणाऱ्याबरोबर पाठवतो. तुझं रक्तदाब वगैरे बघत जा. निवृत्तीनंतर इकडेच यायचं म्हणाला होतास, त्याचं पुढे काही?

तुझा,
दामू

ता. क. तो पोरगा रविवारी सुपारी सोलायला येणार आहे, मीच बोलावलंय. त्याआधी फोन कर. रात्री नऊनंतर कर, मी घरात असेन.