होक्काइडोत घर मांडताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी-शिक्षणासाठी जपानला जाण्याविषयी बरेच छापून येते. मात्र जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइडो बेटाचा हिवाळा टोकियोसारखा नसतो, हे त्यात क्वचितच असते. कागदपत्रांचे काम त्यामानाने सोपे. घर ठरले की १४ दिवसांत निवासकार्ड घेऊन तिथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा.

खरी डोकेदुखी नळांची. पारा उणे ४ अंशांच्या खाली जाणार असेल, किंवा थंडीत घर बंद ठेवायचे असेल, तर पाइपमधले पाणी काढून टाकावे लागते. आधी निचऱ्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा, मग घरातले सगळे नळ उघडायचे. हवा आत शिरली तरच पाणी खाली उतरते. नळ उघडायचा राहिला, तर आत अडकलेले पाणी गोठून फुगते आणि पाइप फुटतो. शौचालयाची टाकी हमखास विसरली जाते. हा व्हॉल्व्ह कुठे आहे, ते किल्ली घेतानाच घरमालकाला विचारावे. गोठलेल्या पाइपवर उकळते पाणी मात्र ओतू नये. कापड गुंडाळून कोमट पाणी हळूहळू सोडावे.

केरोसीन हीटरचे बाहेरचे धुराडे बर्फाखाली गेले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. हिमवृष्टीनंतर अंगणाआधी धुराड्याभोवतीचा बर्फ काढावा. बर्फात अडकलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवायचे असेल, तर एक्झॉस्टभोवतीही फावडे फिरवत राहावे.

– एक वाचक