पांढरी पँट कशाला?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या वर्गाने केलेली पॅडची जाहिरात पाहिली. मुलगी गोड आहे, पण ती पांढरी पँट घालून उड्या का मारतेय? आमच्या वेळी टीव्हीवरची मुलगीही हेच करायची. पॅडवर निळं पाणी ओतलं जायचं आणि तुझे आजोबा तेवढ्यापुरता पेपर तोंडासमोर धरायचे.

लाजेवर धंदा करणं मात्र त्याहून कितीतरी जुनं. कोटेक्स नावाचं पॅड 1920च्या सुमारास अमेरिकेत आलं. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला जो कापसासारखा माल बनवला होता, तोच. तिकडच्या नर्सेसनी तो पाळीसाठी आधीच वापरून पाहिला होता. पण दुकानदार पुरुष, मागायचं कसं? मग काउंटरवर पेटी ठेवली: पैसे टाका, डबा उचला, बोलायला नको. मोडेस या दुसऱ्या पॅडवाल्यांनी 1928च्या सुमारास तर जाहिरातीतच कूपन छापलं. कापायचं आणि मुकाट्याने दुकानदाराच्या हातात द्यायचं. बायकांची सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण तोंड उघडायचं नाही, हेही त्या डब्याबरोबरच विकलं गेलं. आपल्याकडचा मेडिकलवाला अजून न सांगता कागदात गुंडाळतो, ते याच जातीचं.

आपल्याकडची 2014ची व्हिस्परची लोणच्याची जाहिरात मला मनापासून आवडली. पाळीत लोणच्याला हात लावला की ते नासतं, हे ऐकत आम्ही मोठ्या झालो. तिथली मुलगी सरळ बरणीला हात लावते. पुढच्या वर्षी कान्सच्या जाहिरात महोत्सवात त्या जाहिरातीला मोठं बक्षीसही मिळालं. ब्रिटनमध्ये 2017 साली बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने निळ्याच्या जागी लाल दाखवलं, आपल्याकडे 2020मध्ये राधिका आपटेच्या रिओ पॅडच्या जाहिरातीत लाल आलं. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं!

तरी डाग पडेल ही धास्ती काही जाहिरातींतून गेलेली नाही. तुमची पांढरी पँट तीच विकते आहे, मुला. पाळीच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसलेली, चिडलेली बाई फारसं कुणी दाखवत नाही. तुम्ही दाखवा ना. नाहीतर भाऊ मेडिकलमध्ये जाऊन, साइझ विचारून पॅड आणतो, एवढंच दाखवा, उड्या नकोत.

आणि किंमत ठळक लिहा, एका पाकिटात किती येतात तेही. दुकानात उभ्या राहून आम्ही आधी तेच वाचतो.

तुझी,
आई