तक्रार: ९९ रुपयांचं डोमेन आणि अडवून ठेवलेला ट्रान्सफर कोड

प्रति, तक्रार निवारण अधिकारी (नाव लिहिलं असतं, पण तुमच्या अख्ख्या साइटवर ते सापडलंच नाही, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते तिथे ठळक असायला हवं)

नमस्कार,

मी रत्नागिरीची. घरच्या बागेतला हापूस मी स्वतःच पेटी भरून पाठवते, माणूस ठेवलेला नाही. मागच्या ४ मार्चला तुमच्याकडून एक डॉट कॉम नाव, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं डोमेन, घेतलं. जाहिरात ९९ रुपयांची आणि कार्डावरून गेले २,२८४! बिल उघडलं तेव्हा कळलं की प्रायव्हसीचे (माझं नाव-पत्ता लोकांपासून लपवायचे) ६४९ आणि ईमेलचे १,१८८ आधीच टिक करून ठेवले होते, वर जीएसटी. मी एकाही चौकटीला हात लावला नव्हता. पुढच्या वर्षी नावाचेच १,४९९ लागणार हे तर तेव्हा कुठेच दिसलं नाही.

तेही सोडलं असतं. चूक माझी, पटापट पुढे पुढे दाबत गेले. पण आता दुसरीकडे जायचं म्हणून ३ फेब्रुवारीला ट्रान्सफर कोड (नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागतो तो) मागितला, आज १७ तारीख. डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमात कोड द्यायला ५ दिवस आहेत. माझं काही देणं बाकी नाही, नाव घेऊन ६० दिवस कधीच उलटले, मग अडलंय कुठे? चॅटवरचा मुलगा म्हणतो आज रात्री रिन्यू नाही केलंत तर नाव दुसरा कोणीतरी उचलेल, फक्त २ तास आहेत. अहो, मुदत ४ मार्चला संपते! आणि संपल्यावर नाव डिलीट झालं तरी डॉट कॉमला ३० दिवस ते सोडवून घेता येतं. मी हे त्याला लिहिलं तर चॅट बंद.

पडवीत ६०० पुठ्ठ्याच्या पेट्या रचून ठेवल्यात, प्रत्येकीवर हेच नाव छापलंय. हे तुम्हाला माहीत नसेल, पण गिऱ्हाईक नावाला बांधलेलं असतं हे तुम्हाला नक्की माहीत आहे, म्हणूनच तर ही अडवणूक चाललीय.

दुसऱ्या चॅटवर उत्तर मिळालं की तुम्ही बिझनेस कस्टमर, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही. लागू आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणात धरत नाहीत, कलम २(७) वाचा. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि खोटी घाई लावणं ही दोन्ही ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नावानिशी आहेत. शिवाय तुमच्या अटींत 'वाद फक्त आमच्या शहरातल्या कोर्टात' असं लिहिलंय, पण मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात मला जाता येतं, आणि ५ लाखांच्या आतल्या तक्रारीला फी पण नाही.

मला पाहिजे ते असं: कोड लगेच, आणि न मागितलेल्या दोन सेवांचे १,८३७ रुपये, त्यावरच्या जीएसटीसकट परत. डिस्काउंट कूपन पाठवू नका, मागच्या वेळी पाठवलंत ते तसंच पडून आहे.

ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते. ती आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करीन, आणि मग आयोगात. स्क्रीनशॉट, बिल, दोन्ही चॅट सोबत जोडलेत. मार्चअखेरीस पहिला आंबा उतरतो, त्याच्या आत काय ते करा.

आपली,
(ऑर्डर नंबर बिलावर आहे)